उजवं मागचं

शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात तस्लीमचा फोन.
फिनलंडात दुपारी चारलाच दिवस बुडतो म्हणाली.
"अब्बा, गाडीला थंडीचे टायर घ्यायचेत.
खिळ्यांचे घेऊ, की बिनखिळ्यांचे?"

तीस वर्षं टायर विकतोय आष्टा नाक्यावर.
ट्रॅक्टरचे, ट्रॉलीचे, उसाच्या गाड्यांना जुने.
टायरातला खिळा काढायचे मी वीस रुपये घेतो.
तिकडं खिळे ठोकूनच टायर विकतात
हे ऐकून स्टुलावर बसलो.

बिनखिळ्यांचं रबर मऊ म्हणे,
कितीही थंडी पडो, ताठत नाही.
खिळ्यांचे कोरड्या सडकेवर वाजतात,
सडक खरवडतात,
पण उघड्या बर्फावर धरून ठेवतात.
"दुकानदार म्हणतो, तुमच्यावर आहे."
असंच म्हणतो दुकानदार. मीही म्हणतो.

तिची रात्रपाळी. तीस किलोमीटर दवाखाना.
मधे नदी, नदीवर पूल.
पूल सगळ्यात आधी गोठतो, हे तिनं
सहज सांगितल्यासारखं सांगितलं.

मागं बाजेवर वडील.
दस्तगीर नालबंद, वय शहाऐंशी,
उसाच्या हंगामात दिवसाला बारा बैल आडवे पाडून
पत्र्या मारलेला माणूस.
त्यांना विचारलं.
"चालायचं कुठं?" म्हणाले.
"काळ्या रानात उघडा खूर बरा, माती त्याला ओळखते.
डांबर आलं की पत्री."
आणि बर्फावर?
बराच वेळ आढ्याकडं बघत राहिले.
"बर्फावर बैल कोण घालतं रे?"

दुसऱ्या दिवशी मिरजेहून लादी आणली,
भुशात गुंडाळून, मोटारसायकलच्या मागं बांधून.
निम्मी वाटेतच गळाली, पॅंट भिजली ती वेगळीच.
टायरचे दोन तुकडे कापले.
एकात वडिलांच्या डब्यातले पत्रीचे खिळे ठोकले,
एक तसाच.
सुकुमारनं ताणकाटा लावून ओढले.
साधा तुकडा सुरुवातीला चिकटला,
मग लादीवर पाणी सुटलं
आणि दावं तुटलेल्या वासरागत सुटला थेट गटारीपर्यंत.
खिळ्यांचा अडला.
बर्फावर पांढरी रेघ ओढत, कुरकुरत, अडला.

चहावाला, दोन ट्रॉलीवाले, बँकेतले कुलकर्णी, सगळे गोळा.
कोणी म्हणालं, यासीनभाईला ऊन लागलं.

तिला सांगितलं, पण खरं तेही सांगितलं:
आष्ट्यात बर्फ खरा राहत नाही बाळ,
लगेच पाणी धरतो, ही परीक्षा खोटी.
ती हसायची थांबली.
"नाही अब्बा. मार्चमध्ये इथं हेच होतं.
वर पाणी, खाली बर्फ.
सगळे त्यालाच भितात."

मग आठवडाभर फोन नाही.
मी पंक्चर काढत होतो, आणि निघालेला प्रत्येक खिळा
टाकायच्या आधी हातात धरून बघत होतो.

शनिवारी पहाटे तिनं नुसता आवाज पाठवला.
बोलणं नाही. गाडीची काच खाली असणार.
कोरडी सडक आणि तिच्यावर
टिक टिक टिक टिक, बारीक, न थकणारं.

मला वाटलं होतं आवाज तिकडचा असेल.
तो कारखान्याच्या रस्त्यावरचा निघाला,
पहाटे तीनचा, गाड्यांच्या रांगेतला,
मी गोधडीत, आणि बाहेर
वडिलांनी मारलेल्या पत्र्या डांबरावर चाललेल्या.

फोन त्यांच्या कानाला लावला. उजव्या, त्यातच थोडं ऐकू येतं.
डोळे मिटून ऐकलं त्यांनी.
परत लाव म्हणाले.
परत लावला.

"कामगार बरा आहे," म्हणाले.
"पण उजवं मागचं बघ म्हणावं.
तिथला एक खिळा बोलत नाही."